दोरी ओढणाऱ्याची बोटं

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कामाचे तास, ग्रॅच्युइटी, चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी, या सगळ्यावर भरपूर लिहून-बोलून झालं. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतल्या एका तरतुदीवर मात्र फारसं कुणी थांबलं नाही. बांधकाम आणि दुरुस्तीचं काम कशाला म्हणायचं हे ठरवताना दहापेक्षा कमी कामगार असलेली कामं त्यातून वगळली आहेत. दहाची ही अट १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातही होतीच, त्यामुळे नवं काही बिघडलं असं म्हणता येणार नाही. पण नवा कायदा करताना ती अट काढण्याची संधी होती, ती गेली.

आपल्या सोसायटीत रंगकामाला येणारी टोळी आठवून बघा. एक मुकादम, दोन रंगारी आणि हाताखाली एक पोरगा. गणपतीच्या मांडवावर दिव्यांच्या माळा चढवणारे तिघे असतात, डिश बसवायला येणारे दोघे. उंचावरचं धोक्याचं काम सगळ्यांत जास्त हीच माणसं करतात आणि नेमकी हीच त्या व्याख्येच्या बाहेर राहतात. त्यांच्या शिडीची तपासणी करायला कुणी निरीक्षक येणार नाही. म्हणून ती कुणीतरी स्वतःहून करावी लागेल, आणि सुरुवात शिडीच्या सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित भागापासून करावी, म्हणजे दोरीपासून.

दोन भागांची, लांब होणारी अ‍ॅल्युमिनियमची शिडी सगळ्यांनी पाहिलेली असते. मागचा भाग जमिनीवर टेकतो, पुढचा त्याच्यावरून वर सरकतो. दोरीचं एक टोक या सरकत्या भागाच्या सगळ्यात खालच्या पायरीला बांधलेलं असतं. तिथून ती वर जाते, मागच्या भागाच्या माथ्याजवळच्या कप्पीवरून वळते आणि खाली आपल्या हातात येते. आपण खाली ओढलं की सरकता भाग वर चढतो. हव्या त्या उंचीला आला की दोन्ही बाजूंचे खटके मागच्या भागाच्या पायरीवर बसतात.

इथे बहुतेकांचा एक समज चुकतो. दोरी वर चढलेल्या माणसाला धरून ठेवते असं वाटतं, पण तसं नसतं. खटके नीट बसले की सगळा भार त्या दोन खटक्यांवरून पायरीवर जातो आणि दोरी सैल पडते. रंगारी वर काम करत असताना दोरी कापली तरी शिडी खाली येत नाही, यायला नको. मग दोरी कुजलेली असली तर बिघडतं कुणाचं?

खाली उभ्या असलेल्याचं. शिडी वर चढवताना आणि उतरवताना, खटके मोकळे असतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात, सरकत्या भागाचं सगळं वजन दोरीवर असतं. त्या क्षणी दोरी तुटली तर दहा-पंधरा किलोचा तो सांगाडा आपल्याच खाचेतून सुसाट खाली येतो. तीन मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीशी येईपर्यंत ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा वेग घेते. घर्षणाने त्यातला थोडा कमी होईल, एवढंच. दोन भागांच्या पायऱ्या एकमेकींसमोरून कात्रीसारख्या सरकतात आणि शिडी सावरायला म्हणून पोराची बोटं त्याच पायऱ्यांमध्ये असतात. दोरी ओढायचं काम टोळीत सगळ्यात नवख्याला, सगळ्यात कमी रोजाच्या माणसाला दिलं जातं. म्हणून या दोरीची मला एवढी काळजी वाटते. वर चढणाऱ्याला निदान आपण धोक्यात आहोत हे माहीत असतं.

दोरी कधी बदलायची याला ठरलेली मुदत नाही. ती उन्हात किती राहिली यावर सगळं अवलंबून आहे. बाजारात स्वस्त मिळणारी निळी, पिवळी, हिरवी चकचकीत दोरी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. या प्लास्टिकला सूर्याची अतिनील किरणं खातात. गच्चीवर पडलेल्या शिडीची दोरी आधी रंगाने फिकी पडते, मग हात फिरवला की पांढरट भुकटी लागते, तंतू काचेसारखे टोचू लागतात. त्या टप्प्याला ती दिसायला जाड असली तरी तिच्यातला जीव गेलेला असतो. पीळ उलटा देऊन पेड थोडे उघडा आणि आत बघा. बाहेर पांढरी आणि आत अजून गडद रंग असेल तर ऊन किती खोल गेलंय ते कळतं. आतही भुकटी असेल तर ओढून बघण्याच्या भानगडीत पडू नका.

विकत घेताना दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणतो. खात्री करायची सोपी रीत आहे. दोरीचा छोटा तुकडा बोटांनी चुरगाळून, आतली हवा काढून पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. तरंगणारी दोरी होडीवर फार कामाची, पण ती सुमारे एकशे साठ अंशांनाच वितळते आणि घर्षण तिला सोसत नाही. शिडीला पॉलिएस्टरची, पिळाची नव्हे तर वेणीसारखी विणलेली दोरी उत्तम. ती उन्हात टिकते, भिजली तरी ताकद सोडत नाही, कप्पीवरून जाताना पीळ घेत नाही. नायलॉन मजबूत खरं, पण ते ताणलं जातं आणि भिजलं की त्याची थोडी ताकद जाते. फरशी धुवायच्या अ‍ॅसिडचे थेंब नायलॉनला खातात, तर चुन्यासारख्या तीव्र क्षाराचा त्रास पॉलिएस्टरला होतो. रंगाऱ्याची शिडी या दोन्हींच्या संगतीत फिरते, म्हणून दोरी कुठे ठेवता तेही पाहा.

जाडी किती हवी? अमेरिकी मानक पाच सोळांश इंचापेक्षा बारीक दोरी चालवत नाही. म्हणजे आठ मिलिमीटर, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या हिशेबात अडीच सूत. बारीक दोरी कप्पीच्या चाकावरून घसरून चाक आणि पट्टी यांच्यात अडकते, फार जाड घेतली तर खाचेत बसतच नाही. जुनी दोरी मोजून तेवढीच आणू नका, ती ताणलेली किंवा कुणीतरी मध्येच कापलेली असू शकते. कप्पीपर्यंत वर आणि तिथून जमिनीपर्यंत खाली, एवढं अंतर आणि गाठींसाठी वर दोन-तीन फूट, असा हिशेब धरा. दहा-दहा फुटांच्या दोन भागांच्या शिडीला तेवीस फूट पुरेल. चांगली दोरी मिळत नाही ही सबब महाराष्ट्राला तरी शोभत नाही. १९७६ मध्ये पुण्यात गरवारे-वॉल रोप्स उभी राहिली, तेव्हापासून कोळ्यांच्या दोऱ्या-जाळ्यांचं मोठं काम इथेच होत आलं आहे.

आता गाठ. गाठीच्या बाबतीत माझ्या लेखी एकच माणूस अधिकारी, क्लिफर्ड अ‍ॅशली. जन्म १८८१, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या देवमासे मारणाऱ्यांच्या बंदरात. पेशाने चित्रकार. १९०४ मध्ये ‘सनबीम’ नावाच्या देवमासेमारीच्या जहाजावर तो गेला आणि खलाशांच्या हातांकडे पाहत राहिला. पुढे अकरा वर्षं खपून त्याने गाठींचा ग्रंथ रचला. १९४४ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि तीनच वर्षांनी अ‍ॅशली गेला. त्या ग्रंथात अडतीसशेहून अधिक क्रमांक आहेत आणि सगळी चित्रं त्याच्याच हातची. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते धंद्यांच्या गाठींचं प्रकरण. त्याने गाठी खलाशांपुरत्या ठेवल्या नाहीत. कोणत्या कामाचा माणूस कोणती गाठ मारतो, हे त्याने धंद्यांच्या नावांनुसार लावून दाखवलं. गाठ ही कष्टकऱ्याची विद्या आहे हे त्याने ज्या आदराने मांडलं, तो आदर आपल्याकडे माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या किंवा परांची बांधणाऱ्याच्या हाताला अजून मिळालेला नाही. बांबूची सात मजली परांची सुंभाने बांधणारा माणूस आपण रोज पाहतो, पण त्याच्या गाठींचं असं दप्तर मराठीत कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. व्हायला हवं.

अ‍ॅशलीच्या यादीत बोलाइनचा क्रमांक १०१०. स्काउटमध्ये गेलेल्यांना ती येत असेल. सरकत्या भागाच्या खालच्या पायरीला ही गाठ मारा. ती भाराखाली घसरत नाही, आणि कितीही ताण बसला तरी नंतर सुटते. वीतभर शेपूट ठेवा आणि त्या शेपटाची आणखी एक साधी गाठ मूळ दोरीभोवती मारा, कारण बोलाइन भार नसताना ढिली होऊ शकते आणि शिडीची दोरी बहुतेक वेळ सैलच असते. गाठ पायरीच्या बरोबर मधोमध, कप्पीच्या सरळ रेषेत हवी. बाजूला बांधली तर सरकता भाग तिरका ओढला जातो आणि खाचेत अडतो. सुरगाठ इथे अजिबात नको.

पण गाठ मारण्याआधी शिडी आडवी करा. उभ्या शिडीची दोरी कधीही बदलू नका, मग ती किती का घट्ट टेकवलेली असेना. सपाट जमिनीवर, सरकता भाग वरच्या अंगाला येईल अशी ठेवा आणि जुनी दोरी सोडण्याआधी मोबाईलवर कप्पीचा, गाठीचा आणि मधल्या मार्गाचा फोटो काढा. दोरी कोणत्या पायरीच्या पुढून जाते आणि कोणत्या मागून, हे सोडल्यावर हमखास विसरायला होतं. मग जुन्या दोरीच्या सुटलेल्या टोकाला नव्या दोरीचं टोक तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या बाजूने जुनी हळूहळू ओढा. नवी आपोआप तिच्या वाटेने कप्पीवरून येते. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करताना गोळा होऊ देऊ नका, तो कप्पीत अडतो, आणि वितळलेल्या प्लास्टिकला उघडं बोट लावू नका.

कप्पी हाताने फिरवून बघा. ती अडत असेल तर दोरी चाकावर फिरत नाही, घासते, आणि नवी दोरीही काही महिन्यांत जाईल. चाकाच्या खाचेला धार आली असेल, रिव्हेट हलत असेल तर कप्पीही बदला. खटक्यांच्या स्प्रिंगा दाबून पाहा, सुकलेला रंग खरवडून काढा. खटका रंगाने चिकटला असेल तर नव्या दोरीचा काहीच उपयोग नाही.

दोरीची टोकं आणि कप्पीवरचा भाग यांच्याबद्दल मी इतकं का सांगतो? ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बनमध्ये ग्लोरिया चढणीची केबल-ट्राम घसरून सोळा माणसं गेली. त्या दिवशी सकाळी नजरेने तपासणी झाली होती आणि काही आढळलं नव्हतं. केबल सुटली ती गाडीला जोडलेल्या टोकाशी, आणि ती जागा भाग सुटे केल्याशिवाय दिसतच नव्हती. शिडीचा आणि त्या ट्रामचा आकार वेगळा, पण भार घेणारी दोरी बहुधा तिथेच जाते, जिथे ती वाकते किंवा बांधलेली असते. मधली लांबी चांगली दिसते म्हणून दोरी चांगली ठरवू नका. गाठ सोडून आतला भाग पाहा.

बदलून झाली की आधी आडव्या शिडीवरच भाग सरकवून घ्या. मग उभी करून फक्त दोन पायऱ्यांएवढा वर चढवा, खटके बसल्याचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐका, आणि उतरवा. ओढणाऱ्याने हात दोरीवर ठेवावेत, शिडी धरणाऱ्याने बाजूच्या उभ्या दांड्यांना बाहेरून धरावं. पायऱ्यांमध्ये कुणाचंच बोट नको. दोरी मनगटाला गुंडाळू नये. जवळ विजेची तार असेल तर ही चाचणी तिथे करूच नये, अ‍ॅल्युमिनियमला तारेचा स्पर्श पुरतो. भिंतीपासून पायाचं अंतर उंचीच्या चौथ्या भागाएवढं ठेवावं, दोन भाग एकमेकांवर निदान तीन फूट चढलेले असावेत. हे नियम बहुतेकांना ठाऊक असतात, पाळले मात्र जात नाहीत.

तीन भागांची शिडी असेल तर स्वतः हात घालू नका. तिच्यात आत दुसरी दोरी असते, तिसरा भाग तिच्यावर चालतो आणि तिची लांबी जराही चुकली की पायऱ्या जुळत नाहीत, खटके अर्धवट बसतात. ते काम शिडी विकणाऱ्याकडून किंवा बनवणाऱ्याकडूनच करून घ्या.

खर्च काही शे रुपयांचा आहे, आणि तो रंगाऱ्याच्या माथी मारू नये. शिडी सोसायटीची असेल तर दोरी सोसायटीची. लिफ्टच्या तारांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे, इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे नियम आहेत, त्याच दप्तरात शिडीचं एक पान उघडायला सचिवाला कुणाची परवानगी लागत नाही. शिडी मुकादमाची असेल तर काम देण्याआधी ती आडवी टाकून दाखवायला सांगा. दोरी कुजलेली निघाली तर काम एक दिवस पुढे ढकला आणि नवी दोरी आपण आणून द्या. दहाच्या अटीत सापडलेल्या माणसासाठी आज तरी एवढाच कायदा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

जुनी दोरी हातभर लांबीचे तुकडे करूनच टाका, नाहीतर ती पाण्याच्या टाकीवर नाहीतर बांबू बांधायला दुसऱ्या दिवशी परत कामाला लागते. शिडीचा उभा दांडा वाकलेला असेल, पायरी जोडापाशी हलत असेल किंवा खटका दुरुस्त होत नसेल, तर तिला नवी दोरी लावूच नका. तिला करवतीने मधून कापा आणि मगच भंगारवाल्याला द्या. अख्खी दिली तर ती धुऊन-पुसून पुन्हा विकली जाते.