रेसिंग गेम खेळताना ४के महत्त्वाचं की ६० एफपीएस?

'फोर्झा होरायझन ४' हा गेम २०१८ मध्ये आला, तेव्हा एक्सबॉक्स वन एक्सवर खेळणाऱ्यांना दोन पर्याय मिळाले. एकात ४के रिझोल्यूशन, पण सेकंदाला ३० फ्रेम. दुसऱ्यात साधं १०८०पी, पण ६० फ्रेम. दोन्ही एकदम का नाही? कारण १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४केमध्ये सुमारे ८३ लाख. चिप मात्र तीच.

स्क्रीनशॉटमध्ये ४के लगेच नजरेत भरतं, फ्रेम रेट दिसतच नाही. त्यामुळे सोशल मीडियावर कौतुक होतं ते रिझोल्यूशनचं.

खेळायला बसलं की गणित फिरतं. ताशी ३०० किलोमीटरने पळणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. म्हणजे ३० एफपीएसवर एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये येईपर्यंत ती जवळजवळ पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. ६० वर हेच अंतर १.४ मीटर होतं. त्यात ब्रेकचं बटण दाबल्यावर पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत बऱ्याचदा दोन-तीन फ्रेम जातात. ३० वर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, ६० वर १७ ची. वळणावर गाडी भिंतीला घासते, त्यात दरवेळी चूक बोटांचीच असते असं नाही!

प्लेस्टेशन ३ वरच्या 'वाइपआउट एचडी'ने २००८ मध्येच यावर तोड काढली होती. पडद्यावर गर्दी वाढली की हा गेम गुपचूप आडवं रिझोल्यूशन कमी करायचा, पण ६० फ्रेम सोडायचा नाही. भरधाव वेगात तो फरक सहसा लक्षातही येत नसे. आज ही युक्ती सर्रास वापरली जाते.

मग ३० एफपीएस टाकाऊ का? तसंही नाही. २०१४ चा 'ड्राइव्हक्लब' ३० वरच चालायचा, तरी त्यातल्या पावसाचं आजही नाव निघतं. खरा त्रास होतो तो फ्रेम रेट सतत वरखाली झाल्यावर. एकदा ६०, लगेच ४० असं व्हायला लागलं की हाताचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा स्थिर ३० परवडले. फोन तापल्यावर गेम अडखळतो तेव्हा नेमकं हेच होत असतं. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन आधी ग्राफिक्स एक पायरी खाली आणावेत. लांबचं वळण थोडं धूसर दिसेल, पण ब्रेक वेळेवर लागेल.