उजेड देणारे सोने

सोने झळकते ते अंगावर पडलेला उजेड परतवून. स्वतःचा उजेड ते जवळजवळ देतच नाही. १९६९ मध्ये संशोधक मुराडियन यांनी सोन्यातांब्यावर लेझर टाकून ही अंधुक दीप्ती मोजली. शोषलेल्या सुमारे दहा अब्ज प्रकाशकणांमागे एकच बाहेर पडत होता. उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन प्रकाश देण्याची सवड मिळण्याआधीच आपली ऊर्जा शेजारच्या इलेक्ट्रॉनांत वाटून टाकतो आणि ती अखेर उष्णता होऊन विरते.

धातू काही नॅनोमीटरांपर्यंत लहान केला की चित्र पालटते. कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकदिलाने डोलतात. या डोलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. सोन्याच्या गोल कणांत ते ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते आणि तो शोषला जातो, म्हणून असे कण मिसळलेले पाणी माणकासारखे लाल दिसते. हाच प्लाझ्मॉन अँटेनासारखा काम करून क्षीण दीप्ती बळकट करतो. २००० साली रसायनशास्त्रज्ञ मुस्तफा अल्-सय्यद यांच्या गटाला सोन्याच्या सूक्ष्म कांड्यांत ती साध्या सोन्याच्या दहा लाख पटींहून अधिक आढळली.

असे कण रसायनांवाचून, पाण्यात बुडवलेल्या धातूवर लेझर मारूनही मिळतात. या तंत्राचा एक उगम पुण्यातला आहे, आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. पुणे विद्यापीठात भिडे, सतीशचंद्र ओगले, पी. पी. पाटील आणि सहकाऱ्यांनी पाण्याखालच्या लोखंडावर रूबी लेझरचे स्पंद सोडून एरवी न टिकणारे ऑक्साइड घडवले. त्यांचा शोधनिबंध १९८७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. त्यांचे लक्ष्य कण नव्हते, पृष्ठभाग होता. पण द्रवाखाली लेझरने पदार्थ घडवण्याची वाट तिथून रुंदावली.

पुढे फेमटोसेकंद लेझर आले. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. इलेक्ट्रॉनांची उष्णता अणूंच्या जाळीत उतरायला पिकोसेकंद, म्हणजे हजारो फेमटोसेकंद, लागतात. स्पंद त्याआधीच संपतो. त्यामुळे धातू आसपास फारसा न वितळता उडतो, त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, पाण्यात निवतो आणि कण जमतात. त्यांच्या अंगावर रसायनाचे आवरण नसते.

ही शुद्धता जीवशास्त्रात मोलाची आहे, कारण तिथे कण जिवंत शरीरात सोडले जातात. २००५ मध्ये अमेरिकेत उंदराच्या कानातल्या रक्तवाहिन्यांतून वाहणाऱ्या सोन्याच्या एकेक कांडीची दीप्ती टिपली गेली. कांड्या बनवताना मात्र सहसा सीटॅब हे पेशींना अपायकारक रसायन लागते. लेझरने मिळणारे स्वच्छ कण बहुतेक गोल असतात आणि त्यांची दीप्ती कांड्यांहून बरीच कमी भरते.