नळ पांच, दमयंती एक

महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान आमच्या वाचकांस परिचित आहेच. विदर्भांतील दमयंतीनें निषधराज नळास पाहिलें नव्हतें. हंसाच्या मुखें गुण ऐकूनच तिचें मन जडलें. पुढें स्वयंवरांत इंद्र, अग्नि, वरुण व यम नळाचेंच रूप घेऊन बसले, आणि मंडपांत एकाच्या जागीं पांच नळ दिसूं लागले!

हंसाचें तें काम १९९५ सालीं अमेरिकेंत मॅच.कॉम निघाल्यापासून संगणकानें, व आतां मोबाईलनें, पत्करिलें आहे. पुण्याची मुलगी टोरांटोच्या मुलाशीं परिचय करून घेते, दोन्ही घरें भेटतात, अक्षता पडतात. यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. पत्रिका पाहून ठरविलेले विवाह सारेच सुखाचे झाले, असें आमच्या पिढीनें छातीवर हात ठेवून सांगूं नये. चिंता आहे ती उरलेल्या चार नळांची.

हे तोतये बहुधा एकाच साच्याचे असतात. लंडनचा शल्यवैद्य, किंवा समुद्रांतील तेलविहिरीवरचा इंजिनियर. विधुर, पदरीं एक लेंकरूं. दोन्ही वेळां विचारपूस, महिन्याभरांत लग्नाचा शब्द. मग भेटीदाखल दागिन्यांचें पार्सल निघाल्याची वार्ता येते, आणि पाठोपाठ विमानतळावरील ‘कस्टम्स अधिकाऱ्याचा’ फोन: परकी चलन सांपडलें, जकात भरा, नाहीं तर खटला होईल. एकदां रक्कम भरली कीं दंड, मग दाखल्याची फी, अशी मालिकाच लागते. वास्तविक कस्टम्स खातें जकात कोणाच्या खासगी खात्यांत मागत नाहीं. शिवाय नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या पत्रांवर ओळखक्रमांक असतो व तो सरकारी संकेतस्थळावर पडताळतां येतो.

दमयंतीनें खरा नळ कसा ओळखिला? चौघांच्या अंगीं घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, माळा टवटवीत होत्या, पाय भुईला टेकले नव्हते. पांचव्याची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ, आणि सावली पडलेली. खऱ्या माणसाला अशी धूळ असतेच: डोक्यावर कर्ज, भाड्याची खोली, कटकट्या वरिष्ठ, फोन उचलणारी मावशी. नुसत्या व्हिडिओवर विसंबूं नये. चेहरा व आवाज दोन्ही आतां यंत्रानें बनवितां येतात. वर परदेशीय असून विवाह येथें १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें व्हावयाचा असेल, तर दोघांपैकीं एकानें त्या जिल्ह्यांत तीस दिवस राहिलेलें असावें लागतें, व नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावें लागतें. कित्येकांस हा जाच वाटतो. आम्हांस तो चौकशीला मिळालेला अवधि वाटतो.

फसतात त्या अजाण मुलीच, असें समजूं नये. चाळिशी ओलांडलेली विधवा शिक्षिका फसते, सेवानिवृत्त गृहस्थही फसतात. घरांत दहा माणसें, पण ‘आज कशी आहेस?’ हें विचारणारा तेवढा तो एक दूरस्थ. पैसे गेल्यावर ती गप्प राहते, कारण चोरापेक्षां तिला दीर-जावांच्या बोलण्याचें भय अधिक. आणि त्या गप्प बसण्यांतच पुढच्या रकमा जातात. वडील मंडळींनीं त्या वेळीं तरी उलटतपासणी बाजूस ठेवून १९३० हा सायबर गुन्ह्यांचा सरकारी क्रमांक लावावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व बँकेचें नांव हाताशीं असावें. जितकें लवकर कळवावें, तितका रक्कम वाटेंत अडविली जाण्याचा संभव अधिक.