रणनीती, डावपेच आणि नाल्यावरचा बांध

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्रानं मला दारातच गाठलं. पुण्याच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, दिवाळीला आर्वीला घरी आला होता. म्हणाला, "सर, आमच्याकडे दर सोमवारी मीटिंगमध्ये स्ट्रॅटेजी हा शब्द वीस वेळा येतो. मीटिंग संपली की हातात उरते ती कामांची यादी. मग ती स्ट्रॅटेजी गेली कुठे?" मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू यावर. म्हणून आजचा विषय.

सुरुवात शब्दापासूनच करतो, कारण गोंधळ तिथूनच आहे. स्ट्रॅटेजीला आपण मराठीत व्यूहरचना म्हणतो आणि टॅक्टिक्सला डावपेच. डावपेच हा शब्द आखाड्यातला, तो बरोबर बसतो. पण व्यूहरचना? व्यूह म्हणजे रणांगणावर सैन्याची मांडणी. ग्रीक भाषेत टॅक्टिक्स या शब्दाचं मूळही मांडणी करणं, ओळीत लावणं हेच आहे. म्हणजे बघा, ज्या शब्दानं आपण स्ट्रॅटेजी सांगतो तो शब्द मुळात टॅक्टिक्सचा आहे! तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये कामांची यादीच निघाली तर नवल नाही. मी आज रणनीती हा शब्द वापरणार आहे. तोही लढाईतलाच, पण त्यात निदान 'नीती' आहे.

कौटिल्यानं मात्र हा घोळ केलेला नाही. अर्थशास्त्राची पंधरा अधिकरणं आहेत. त्यातल्या सातव्यात षाड्गुण्य येतं: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. तह करायचा की वैर धरायचं, स्वस्थ बसायचं की चाल करून जायचं, कुणाचा आश्रय घ्यायचा, की एकाशी तह आणि दुसऱ्याशी वैर असं दुहेरी धोरण ठेवायचं. आणि व्यूह कधी येतात? दहाव्या अधिकरणात. आधी लढायचं का, हे ठरतं; कसं उभं राहायचं, ते नंतर. त्यातलं 'आसन' मला फार आवडतं. काही न करता बसून राहणं हाही राजाचा एक विचारपूर्वक निर्णय असू शकतो. डावपेचांत असं काही नसतं. पैलवान आखाड्यात उतरला की स्वस्थ बसता येत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलही थोडक्यात घेऊ. निकोमाखीय नीतिशास्त्राच्या अगदी सुरुवातीला तो एक साखळी दाखवतो. लगाम बनवणाऱ्याची कला घोडेस्वारीच्या कलेखाली येते, घोडेस्वारी सेनापतीच्या कलेखाली, आणि सेनापतीची कला राज्यकारभाराच्या कलेखाली. लगामवाल्यानं उत्तम लगाम करावा, पण लगाम कसा हवा हे स्वार सांगणार. यातून एक गोष्ट निघते, जी मॅनेजमेंटच्या पुस्तकांत सहसा नीट येत नाही. एखादं काम रणनीती आहे की डावपेच, हे त्या कामावर लिहिलेलं नसतं. ते तुम्ही साखळीच्या कुठल्या कडीवर उभे आहात त्यावर ठरतं. कंपनीच्या संचालकांना जो डावपेच वाटतो, तीच शाखेच्या व्यवस्थापकाची रणनीती असते. म्हणून "आपली स्ट्रॅटेजी काय?" हा प्रश्न अर्धा आहे. "कशासाठी?" हे त्याला जोडलं की तो पुरा होतो.

बरं, हे सगळं मला वर्गात तीस वर्षं शिकवता येत होतं. कळलं मात्र एका नाल्याच्या काठावर.

मी महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. हिवाळ्यात सात दिवसांचं विशेष शिबिर असायचं. एका गावात आम्ही सलग सहा वर्षं गेलो. पन्नास मुलंमुली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती भरायची, तोंड शिवायचं, नाल्यात रचायच्या: वनराई बंधारा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी तुंबायचं. मुलं आनंदानं नाचायची. वर्तमानपत्रात फोटो, विद्यापीठाला अहवाल. दरवर्षी आम्ही जास्त तरबेज होत गेलो. सहाव्या वर्षी तर तीन दिवसांत बंधारा उभा केला होता आणि मी त्याबद्दल समारोपाच्या भाषणात मुलांचं भरभरून कौतुक केलं.

भाषण संपल्यावर गावातले एक म्हातारे शेतकरी माझ्याजवळ आले. त्यांचं शेत नाल्याच्या अंगालाच होतं. सात वर्षं वाढवलेली संत्र्याची बाग होती. म्हणाले, "सर, पाणी तं वरून येते. तुमी दरसाली खालीच काहून अडवता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. वरच्या उतारावर काही जमीन वनखात्याची होती, काही शेजारच्या गावच्या शेतकऱ्यांची. तिथे चर खणायचे तर पत्रव्यवहार, परवानगी, दोन गावांची बैठक, कुणाच्या धुऱ्यावरून काय जाणार याची समजूत घालणं आलं. त्याला सहा-आठ महिने लागले असते. शिबिर सात दिवसांचं. आम्ही सहा वर्षांत एकही पत्र लिहिलं नव्हतं. गावाला पाणी कसं मिळेल हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता; सात दिवसांत काय पुरं होईल, एवढाच विचारला होता. त्या उन्हाळ्यात त्यांची विहीर मार्चमध्ये आटली. पुढच्या शिबिराला गेलो तेव्हा बाग तोडून झाली होती. ते मला काही बोलले नाहीत. चहा पाजला.

सहा वर्षांत आमचा एकही डावपेच फसला नव्हता, हे लक्षात घ्या. प्रत्येक बंधारा उभा राहिला. अपयश दिसलं असतं तर आम्ही थांबून विचार केला असता. यशामुळे थांबलो नाही.

आता आपल्याच तालुक्यातली दुसरी गोष्ट, आणि ही तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ साली पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये काकडदरा राज्यात पहिलं आलं. त्याआधीच्या वर्षी ही स्पर्धा फक्त तीन तालुक्यांत होती: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. २०१७ साली ती ३० तालुक्यांत गेली, त्यात आपला आर्वी होता. एप्रिल-मे मधले ४५ दिवस, ऐन उन्हाळा. आर्वीचा मे महिना काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथे आदिवासी वस्तीच्या एका लहानशा गावानं राज्यभरातल्या गावांना मागे टाकून ५० लाखांचं बक्षीस आणलं.

लोक श्रमदानाचं कौतुक करतात, करायलाच हवं. पण आजच्या विषयाच्या अंगानं मला त्यातली दुसरी बाजू दिसते. गावातली माणसं कुदळ उचलण्याआधी प्रशिक्षणाला जात होती. काय शिकत होती? 'माथा ते पायथा'. ही रणनीती आहे, आणि तीन शब्दांत मावते. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो तिथेच त्याला पहिल्यांदा थांबवा, मग उतारावर, मग शेतात, आणि नाल्याकडे सगळ्यात शेवटी या. बाकीचे सगळे डावपेच: वर सलग समतल चर, ओघळीत अनघड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, शेततळं, खाली नाला बांध. चर समपातळीत आहे की नाही हे बघायला नळीत पाणी भरलेला साधा हायड्रोमार्कर. यातलं प्रत्येक काम नीट व्हावंच लागतं. चर समपातळीत नसेल तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून फोडून निघतं. मग रणनीती कितीही शहाणी असो. पण क्रम उलटा केला, म्हणजे माथा सोडून नाल्यापासून सुरुवात केली, तर उत्तम बांधलेला बांधही वरून येणाऱ्या मातीनं दोन-चार पावसाळ्यांत भरून जातो. मी हे सहा वर्षं करून पाहिलेलं आहे.

हिशेब करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. आपल्या जिल्ह्यात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे हेक्टरी एक कोटी लिटर. आपलं दुखणं पाऊस कमी पडण्याचं नाही, तो पळून जाण्याचं आहे. दुखणं ओळखणं हा रणनीतीचा पहिला भाग. ते चुकलं की माणूस बोअरवेल खणत सुटतो.

राज्यभर जलयुक्त शिवारच्या काळात काही ठिकाणी तेच झालं. योजना कागदावर पाणलोटाचीच होती. पण जेसीबीनं नाला खोल आणि रुंद करणं लवकर होतं, डोळ्यांना दिसतं, मीटरमध्ये मोजता येतं. डोंगरावरचा दीड-दोन फुटांचा चर रस्त्यावरून दिसतही नाही. त्यावर अभ्यासकांनी टीका केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तुमच्या कंपनीतही हेच होतं ना? जे मोजता येतं ते वाढत जातं, आणि ज्यासाठी मोजायला घेतलं ते बाजूला राहतं.

आणि रणनीतीत 'नाही' हा शब्द असतोच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण घ्या. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. तिथे चर खणले, झाडं लावली, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्या गावानं शेतीसाठी बोअरवेल घ्यायच्या नाहीत, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, असंही ठरवलं, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. गाव बघायला येणारे चर बघून जातात. 'नाही' बघायला मिळत नाही, त्याचा फोटो निघत नाही. पाणी मात्र त्या 'नाही'मुळे टिकलं, असं माझं मत आहे.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण देतो, डाव साधा पण रणनीती मोठी. १९३० सालची दांडी. मीठ उचलून सरकारचं काय बिघडणार, असं काँग्रेसमधल्या जाणत्यांनाही वाटलं होतं. पुढल्या वर्षी गांधी-आयर्विन करार झाला तेव्हा मिठाचा कर गेला नाही. समुद्रकाठच्या लोकांना आपल्यापुरतं मीठ करण्याची सवलत तेवढी मिळाली. फक्त मिठाचा हिशेब केला तर फारसं हाती लागलं नाही. पण कायदा मोडायला वकील किंवा बंदूकवाला लागत नाही, घरातली बाईसुद्धा तो मोडू शकते, हे देशाला कळलं. त्यासाठीच मीठ निवडलं होतं. आपण वर्ध्याची माणसं, गांधीजींचा पुढचा मुक्काम आपल्याकडेच होता. पण त्यांच्या वस्तू जितक्या जपल्या तितकी ही बुद्धी जपली का, कोण जाणे. असो, तो वेगळा विषय.

आता त्या तरुण मित्राला काय सांगायचं? सोमवारच्या यादीतल्या प्रत्येक कामासमोर लिही: हे पूर्ण झालं आणि तरी काहीच बदललं नाही, असं होऊ शकतं का? माझ्या बंधाऱ्यासमोर 'हो' लिहावं लागलं असतं. दुसरं, आपण काय करायचं नाही असं ठरवलंय, ते विचार. कुणालाच सांगता आलं नाही तर रणनीती अजून ठरलेली नाही, नुसता उत्साह आहे.

वेळ होत आला, एखाददुसरा प्रश्न घेऊ. हं, तिकडे मागे ताई विचारताहेत, "सर, स्पर्धा संपली की गावं थांबतात. मग ती स्पर्धा रणनीती की डावपेच?"

ताई, प्रश्न चांगला आहे. स्पर्धा हा डावपेच, आणि फार चांगला. ४५ दिवसांत माणसं एकत्र येतात, एरवी वर्षानुवर्षं येत नाहीत. पण तो डावपेच आहे हे चालवणाऱ्यांनाही कळलं असावं. २०१९ नंतर वॉटर कप झाला नाही. त्याऐवजी आधी समृद्ध गाव स्पर्धा आली, तिचा कालावधी लांब होता, आणि त्यात पाण्याच्या नियोजनाबरोबर माती, गवत, झाडं आली. नंतर फार्मर कप आला, त्यात गटशेती. म्हणजे पाणी अडवण्याकडून ते पाणी कोण, कशासाठी वापरणार याकडे ते सरकले. लगामाकडून घोड्याकडे. तुमच्या गावात चर कोणत्या वर्षी खणले होते? २०१८? मग यंदाच्या उन्हाळ्यात एकदा वर चढून बघा, त्यात गाळ किती भरलाय. आणि तो काढायचं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आहे का, तेही ग्रामसभेत विचारा.