घोड्याचे पोट
घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, हे जुने कोडे घातले की माझ्या वर्गातली मुले एका सुरात ‘न फिरवल्यामुळे’ म्हणून मोकळी होतात. त्यातले वैद्यक मला समजावले ते माथेरानच्या एका घोडेवाल्याने. “मास्तर, जनावर दिवसभर जागचं हललं नाही की पोट तटतं.”

घोड्याला ओकारी होत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे का? गिळले ते पुढेच जायचे! त्यातून जठर अवघे 8 ते 15 लिटरांचे. चारा खरा शिजतो तो मागच्या ऐसपैस आतड्यांत, सूक्ष्म जंतूंच्या भटारखान्यात. म्हणून चारा थोडा थोडा, पण दिवसभर हवा. लाडाने चंदी एकदम वाढवली की जंतू बिथरतात, वायू धरतो, पोटशूळ उठतो. घोडा वळून वळून कुशीकडे पाहतो, खुराने जमीन उकरतो, लोळतो. तेव्हा काढे उकळत बसू नये, डॉक्टर गाठावा. आतड्याला पीळ पडला असेल तर तासांचाच हिशेब.

या एका पोटावर त्या घोडेवाल्याच्या घरची पाच पोटे चालतात. रात्री तो कंदील घेऊन तबेल्यात डोकावतो. “ताजी लीद दिसली, की मग मला झोप लागते.”