फायली डिलीट केल्या, तरी सर्व्हरची डिस्क भरलेलीच का?

मार्चअखेरचा आठवडा. हिशेब विभागातला कर्मचारी एक्सेलची फाइल सेव्ह करू पाहतो आणि संदेश येतो, ‘डिस्कवर जागा नाही’. शेजारच्या टेबलावरही तेच, कारण सगळ्यांच्या फायली एकाच फाइल सर्व्हरवर असतात. घाईघाईने जुने फोल्डर डिलीट केले जातात, पण मोकळ्या जागेचा आकडा हलत नाही. असे का होते?

जागा अडते कुठे?

याची प्रामुख्याने तीन कारणे असतात. पहिले कारण स्नॅपशॉट. झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिममध्ये ठरावीक वेळची डिस्कची स्थिती जपून ठेवता येते. ज्या फायली स्नॅपशॉटमध्ये आहेत, त्या डिलीट केल्या तरी तो स्नॅपशॉट काढेपर्यंत त्यांची जागा सुटत नाही. दुसरे कारण सर्व्हरवरचा रिसायकल फोल्डर. सांबा या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सुरू केलेली असेल, तर डिलीट केलेल्या फायली त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये जातात. तिसरे कारण उघडी फाइल. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम वापरत असलेली लॉग फाइल डिलीट केली, की ती यादीतून दिसेनाशी होते. पण प्रोग्रॅम ती बंद करेपर्यंत जागा अडलेलीच राहते. अशा वेळी ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन कमांडचे आकडे जुळत नाहीत.

जागा दिसते, तरी फाइल का बनत नाही?

ईएक्सटी४ फाइल सिस्टिम तयार करताना साधारणपणे ५ टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवली जाते. ४ टीबीच्या डिस्कवर ही जागा सुमारे २०० जीबी होते. शिवाय प्रत्येक फाइलला एक ‘आयनोड’ लागतो आणि त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो बारीक फायली साठल्या, की जागा असूनही आयनोड संपतात.

कोटा कसा काम करतो?

कोटा म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची मर्यादा. लिनक्समध्ये सौम्य मर्यादा ओलांडल्यावर मुदत मिळते, सहसा ७ दिवसांची. कठोर मर्यादेपुढे मात्र एक बाइटही लिहिता येत नाही. विंडोज सर्व्हरच्या ‘फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर’मध्ये कठोर कोटा लिहिणे थांबवतो, तर सौम्य कोटा केवळ नोंद आणि इशारा देतो.

मग आधी काय करावे?

आधी मोजावे, मग पुसावे. कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली आहे हे पाहिल्याशिवाय काहीही डिलीट करू नये. विंडोज संगणकावरून नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली, तर ती सहसा आपल्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट जाते. जागेसाठी सगळे स्नॅपशॉट काढणेही धोक्याचे असते. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर कालची प्रत बहुधा तिथेच सापडते. म्हणून स्वतंत्र बॅकअप तपासून, सर्वांत जुन्या स्नॅपशॉटपासून सुरुवात करावी.

पुढच्या वेळेसाठी डिस्क ८० ते ८५ टक्के भरताच प्रशासकाला ई-मेल जाईल, अशी सोय करावी. लॉग फायली वेगळ्या विभाजनावर ठेवाव्यात. म्हणजे एका बिघडलेल्या प्रोग्रॅममुळे अख्ख्या कार्यालयाचे काम अडणार नाही.