देवाचे राज्य आणि साताऱ्याचा दरबार

येशूच्या उपदेशाचा गाभा देवाचे राज्य हाच होता, याविषयी ख्रिस्ती जगात दुमत नाही. मतभेद आहेत ते हे राज्य कोणाचे, कुठले आणि कधीचे याविषयी. रोम पडल्यानंतर ऑगस्टीनने दोन नगरींची मांडणी केली आणि पुढे मध्ययुगात चर्च म्हणजेच राज्य अशी समजूत रूढ झाली. लूथरने धर्माचा आणि सत्तेचा कारभार वेगळा केला. म्युन्स्टर शहरात १५३४-३५ साली काहींनी हे राज्य तलवारीच्या बळावर आणू पाहिले आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. १८९२ मध्ये योहान्नेस वाइस यांनी दाखवून दिले की, येशूच्या लेखी हे राज्य लवकरच वरून कोसळणारी घटना होती. १९३५ मध्ये डॉड म्हणाले, ते येशूबरोबर आलेच आहे. कुलमन यांनी मधली वाट काढली : आले आहे, पण पूर्णत्वाला गेलेले नाही. तिकडे अमेरिकेत रॉशनबुश यांचे सामाजिक शुभवर्तमानावरचे पुस्तक १९१७ साली निघाले. आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा एवढ्यावरच आटोपते. माझे म्हणणे असे की, त्याच १९१७ साली साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी जे उभे केले, ते या वादाला मराठी माणसाने दिलेले सर्वांत मोलाचे उत्तर आहे.

टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातला. बाप्तिस्मा १८९५चा, मुंबईतला. त्यानंतर दोन दशके ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तशिष्य म्हणून तिथे एकत्र बसणार होते. या एका निर्णयात राज्याची संपूर्ण कल्पना सामावली आहे. राज्याची हद्द आणि चर्चची हद्द एक नाही. राज्य आहे कारण राजा हजर आहे आणि त्याच्यापुढे भक्त उभे आहेत. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या कवीला हे वेगळे शिकावे लागले नाही. वारकऱ्याला देव भेटतो तो याच देही. म्हणूनच ‘आज की उद्या’ हा पाश्चात्त्यांना छळणारा पेच दरबारात सुटतो असे मला वाटते. राजाचा पूर्ण दिवस अजून यायचा आहे, तरी दरबार आजच भरलेला आहे.

यावर पहिला आक्षेप मंडळीतल्या जाणत्यांचा : बाप्तिस्मा ऐच्छिक ठरवला तर मंडळी उरेल कशी? टिळकांना बाप्तिस्म्याची किंमत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? त्यापायी त्यांनी आप्त गमावले, पत्नी लक्ष्मीबाईंपासूनची काही वर्षांची ताटातूट सोसली. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मनाने ख्रिस्ताचे झालेल्या, पण घर आणि जात तोडता न येणाऱ्या माणसांचा. त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचा अधिकार कोणाचा? गव्हातल्या निदणाचा दाखला याचे उत्तर देतो : निवड कापणीच्या वेळी व्हायची आहे आणि ती करणारा धनी आहे, चाकर नव्हेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि मराठवाड्यात बसून तो टाळता येत नाही. दरबारातल्या अभंगांनी भुकेल्याचे पोट भरते का? इथे जालन्याजवळच्या बेथेलची आठवण करून द्यावी लागते. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि बहुतांशी मांग कुटुंबांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांचे गाव वसवले. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला स्वतःची वेस मिळाली. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली-स्त्रियांना आसरा दिला, हाताला काम दिले, आणि १९०५ची आत्मिक जागृती घडली ती त्याच मुक्ती सदनात. पुढे १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी दलित ख्रिस्ती विचाराची मांडणी सुरू केली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो माती आणि पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषवले. या साऱ्यांमुळे दरबार खोटा ठरत नाही; दरबारात उभे राहायला जमीन लागते, हे मात्र पटते. उलट, नुसते बेथेल घेतले तर राज्य एका वस्तीच्या कुंपणात अडकते. म्हणून दोन्ही हवीत.

तिसरा आक्षेप असा की, दरबार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे ती संस्था उभी राहू शकली नाही. पण संस्था मोडली म्हणून विचार खोटा ठरत नाही. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ काढला, तो याच वाटेने. टिळकांची पदे मराठी उपासनेत आजही पंथ न पाहता गायिली जातात. ज्यांना दरबार मान्य नाही, तेही गातात.

आज काय दिसते? एका व्यासपीठावर जगाच्या अंताची चिन्हे मोजली जातात, दुसऱ्यावर विश्वासाच्या बदल्यात नोकरी आणि घर यांची हमी दिली जाते. पहिल्याने राज्य उद्यावर ढकलले, दुसऱ्याने ते बाजारात मांडले. रेणापूर-लातूर-नांदेडच्या माणसाला राज्य म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली, पण गावकुसाबाहेरच्यांचे गावकूस त्या दिवशी पडले नाही. राजवट बदलणे आणि राज्य येणे यांतला फरक या मातीने भोगला आहे. तो सांगू शकेल असा विचार आपल्या घरात असताना तो आपण उसन्या तक्त्यांत शोधतो, याचे मला दुःख आहे. पाळक घडवणाऱ्या संस्थांनी डॉड आणि कुलमन जरूर शिकवावेत, पण त्यांच्या आधी टिळक आणि शेषाद्री शिकवावेत; आणि मंडळ्यांनी आपले दार बाप्तिस्म्याच्या दाखल्याविना येणाऱ्या भक्तालाही उघडे ठेवावे.